पडद्यामागचा भाता

शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या दोन खोल्यांत तीन माणसं आणि एक बकरं राहत होतं. बकरं मेलेलं होतं, पण घरात मान त्यालाच सगळ्यात जास्त. एसीसमोरची जागा त्याची, मऊ टॉवेल त्याचा, आणि साताऱ्याहून कुणी आलं की काकवीच्या डब्यातला पहिला वाटाही त्याचाच. हे बकरं म्हणजे आबांच्या बॅगपाइपची पिशवी. कातडं कोरडं पडलं की चिरतं आणि चिरलं की हवा धरत नाही, म्हणून त्याला आतून मध पाजायचा असतो, असं आबांना पलटणीत कुणा गोऱ्या साहेबाच्या चेल्याच्या चेल्याने शिकवलं होतं. मध महाग, म्हणून आबांनी काकवी काढली. आता शारजातला उन्हाळा, तळमजल्यावर मिठाईचं दुकान आणि काखेत काकवी प्यायलेलं बकरं! एका शुक्रवारी आबांनी पहिली फुंक मारली आणि नळीतून सुराच्या आधी मुंग्या बाहेर पडल्या. रांगेने, कवायतीत, डावा-उजवा करत. मी मोजल्या, चार हजारांच्या वर होत्या. आई म्हणायची, दहा-बारा होत्या. आईला जन्मात कधी मोठं काही दिसलंच नाही.

आबा सैन्यात पाइप मेजर होते. पेन्शन घेऊन गावी आले, भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत सहा महिने राहिले, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने शारजातल्या एका भारतीय शाळेत बँडमास्तर म्हणून लागले. मुलांना सहा भोकांची बासरी धड वाजवता येत नव्हती, त्यांना आबांनी दोन वर्षांत बॅगपाइपवर आणलं. कसं आणलं हे त्या मुलांना विचारू नका. त्यातले काही आता कंपन्यांचे डायरेक्टर आहेत, आणि मॉलमध्ये भेटले की माझ्याशी बोलतानाही हात मागे बांधून उभे राहतात.

आबांचं शिकवणं तोंडाने. कागदावरचे सूर त्यांना येत होते, पण कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागद भिजतो, डोकं भिजत न्हाई," म्हणायचे. प्रत्येक चालीला त्यांचे स्वतःचे बोल होते, हिन्-दा-रे-हिन्-दा, ते आधी गळ्यात बसले पाहिजेत, मग बोटांत. वर्षभर नुसती चँटर, म्हणजे बोटांची साधी नळी. पिशवीला हात लावायचा नाही. आणि सूर कुठला धरायचा? तर एसीचा. आमच्या खिडकीतला एसी म्हणजे लोखंडी खोकं, दिवसभर 'ऊंऽऽ' करत बसायचं. आबांनी घरात पाऊल ठेवल्या दिवशी त्याला कान लावला आणि जाहीर केलं, "ह्यो सुरात हाय. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई." पुढे तो एसी थंड करायचा बंद झाला, मग गळायला लागला, मग त्याच्या पोटात कबुतराने घर केलं. आबांनी मेकॅनिकला तीनदा दारातून परत पाठवलं. बाहेर पंचेचाळीस अंश, आत सेहेचाळीस, आणि आम्ही घामाने निथळत सुरात.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की वर्ग भरायचा, आमच्याच बाहेरच्या खोलीत. सात-आठ मुलं, आणि मी. मी मुलगी, शाळेच्या बँडमध्ये मला जागा नव्हती, पण घरात सूट नव्हती. बॅगपाइपच्या खांद्यावर तीन उंच नळ्या असतात, त्यांना ड्रोन म्हणतात. त्या चाल वाजवत नाहीत. चाल कुठेही नाचो, त्या आपला एकच सूर धरून उभ्या. आबांच्या वर्गात जो सगळ्यात वाईट वाजवेल तो त्या दिवशीचा ड्रोन. त्याने एसीजवळ जाऊन उभं राहायचं, एसीच्या सुरात तोंडाने 'ऊं' धरायचा, आणि बाकीच्यांची चाल संपेपर्यंत सोडायचा नाही. श्वास चोरून घ्यायचा, सूर तुटता कामा नये. तुटला की चाल पुन्हा पहिल्यापासून. मुलं मुद्दाम संथ वाजवायची. समोर चेहरा लाल होतोय, डोळ्यांत पाणी येतंय, नाकातून बुडबुडे, आणि आठ जणांची बोटं मजेत चाललेली. एकदा एका गुजराती मुलाने उभ्या उभ्या चड्डी ओली केली. आबा म्हणाले, "सूर न्हाई सोडला बघा. शाबास." त्यांनी आयुष्यात दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. माझ्या वाट्याला एवढीसुद्धा आली नाही.

दहातल्या आठ शुक्रवारी ड्रोन मी. मी वाईट वाजवायचे म्हणून नाही. खरं सांगते, आणि मी खरं क्वचित सांगते, तेव्हा ऐकून घ्या, त्या खोलीत माझ्याइतकी स्वच्छ बोटं कुणाचीच नव्हती. एक इरफान सोडून. इरफान वरच्या मजल्यावरचा, रत्नागिरीकडचा, त्याचे वडील औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजमध्ये रेडिएटर दुरुस्त करायचे. हा माझ्याएवढाच, काडीसारखा, पण खटका, म्हणजे दोन सुरांमधली बोटाची टिचकी, असा मारायचा की वाटावं नळीतून मोती फुटला. आबा त्याला 'इरफानमियाँ' म्हणायचे, आणि मला 'ए', चूक काढायची असली तरच नाव. इरफान चुकला तर आबा डोळे मिटून घ्यायचे. मी चुकायच्या आधीच आबा म्हणायचे, "कुंदे, एसीकडं."

"पोटची हाय म्हणून सोडली असं कुणी म्हनायला नको," हे त्यांचं कारण. मी एकदा चक्कर येऊन पडले. आईने आतून येऊन कांदा फोडला, नाकाला लावला. डोळे उघडले तर वर आबांचं तोंड. "पडायचं तर सुरात पडावं की," आबा म्हणाले. सगळी मुलं हसली. इरफान नाही हसला. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

वर्ग सुटला की इरफानची अम्मी वरून सांदणं पाठवायची, फणसाची नाहीत, नारळाच्या दुधाची, पांढरीशुभ्र. आमच्याकडून वर ठेचा जायचा. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीतून गरम अरबी रोटी, म्हणजे खुबूस, आणायचं, त्यावर ठेचा आणि तेल, त्याच्या शेजारी सांदण. असं खाणं जगात दुसरीकडे कुठे होत असेल तर मी माझा पाइप विकून टाकीन. आबा जेवताना बोलत नसत. कडाकडा चावायचे. कांदा फोडायचे ते दाताने. एकदा, देवाशप्पथ, त्यांनी सोड्याच्या बाटलीचं झाकण दाताने उघडलं आणि झाकणालाच खोक पडली. म्हणून पुढे जे झालं त्यावर आमचा कुणाचाच विश्वास बसेना.

आबांचे दात गेले. तंबाखूने हिरड्या खाल्ल्या होत्या, एवढंच. पण ज्याला फुंकनळी दातांत धरून चालायचं असतं, त्याचे पुढचे दात जाणं म्हणजे शिपायाची बंदूक जाणं. आधी वरचा एक, मग दोन, मग एका महिन्यात पुढची सगळी ओळ. ओठ आत गेले. फुंक मारली की हवा नळीत कमी आणि गालांतून जास्त, फुस्स करून. (परवा माझा खालचा एक दात हलायला लागला आहे. जीभ सारखी तिथेच जाते. लिहिताना हे मध्येच आठवलं, बाकी काही नाही.) एका डॉक्टरने कवळी बसवली. "चारशे दिरहम! म्हणजे अठ्ठावीसशे रुपये!" आईने कपाळावर हात मारला. "एवढ्यात गावाकडं म्हस येईल." पहिल्याच जोरदार फुंकेला कवळी सुटून फुंकनळीच्या तोंडाशी जाऊन चावून बसली. आबांनी नळी तोंडातून काढली तर कवळी नळीवरून हसतेय. मी हसले. त्या दिवशी ड्रोन कोण झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

मग इरफानच्या वडिलांनी रेडिएटरच्या रबरी पाइपचा तुकडा कापून फुंकनळीला बसवून दिला, नुसत्या हिरड्यांनी दाबायला. आबांनी महिनाभर त्यावर जीव काढला. हिरड्यांतून रक्त यायचं आणि तोंडाला पेट्रोलचा वास. मिनिटभर सूर धरायचा, मग कोलमडायचा. शाळेत ते आता पाइप काखेत धरून उभे राहायचे आणि इरफानला वाजवायला सांगायचे. मुलांना कळलं होतं. मुलांना सगळं आधी कळतं.

त्याच सुमारास शाळेत नवे मॅनेजर आले. कापलेल्या मिशा, खिशात दोन पेनं, सगळ्यांशी हिंदीत. त्यांनी बँडची कागदपत्रं पाहिली आणि आबांना बोलावून गोड आवाजात म्हणाले, "पाइप मेजरसाब, सुना है आजकल आप सिर्फ सुनते हैं. ॲन्युअल डे पे आप खुद सोलो बजाइए. चीफ गेस्ट के सामने. फिर रिन्यूअल का देखते हैं, इन्शाल्ला." आबा घरी आले, बकऱ्याशेजारी बसले, आणि जसंच्या तसं सांगितलं. मॅनेजरची नक्कलसुद्धा केली. रिन्यूअल नाही म्हणजे व्हिसा नाही. व्हिसा नाही म्हणजे आम्ही तिघं परत गावाला, काकांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, जिथे काकू आईला आल्यागेल्यासमोर म्हणायची, "ह्ये आमचे पाव्हणे, जायचं नाव घेत न्हाईत." माझी बारावी अर्धी राहिली असती. पण माझ्या बारावीचं त्या संध्याकाळी कुणी नाव काढलं नाही.

युक्ती आईची. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अवो, आवाज कुठनं येतो ते त्या वाजंत्रीत कुणाला कळतंय? तुमी पुढं उभं राहा. पोरगी पडद्यामागनं वाजवंल."

आबांनी एसीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "इरफान वाजवील."

"इरफान बँडमधी पुढं हुबा असतो. त्यो नसला तर दिसंल. हिला कोण बघतंय?"

हिला कोण बघतंय. आई हे सहज बोलली, शेंगेचे दोर काढल्यासारखं.

तयारी सुरू झाली. आबांच्या मोठ्या पाइपच्या तिन्ही ड्रोनमध्ये कापूस कोंबला, चँटरची जिभली काढून टाकली, म्हणजे त्यातून आवाजच यायला नको. राहिली पिशवी. रिकामी पिशवी काखेत लोंबते, आणि फुगवायला आबांकडे दात नव्हते. आईने माझी जुनी पेटी उघडली. तीन फ्रॉक निघाले, पिवळा, निळा ठिपक्यांचा, आणि एक लाल मखमलीचा, जो मला आबांनी पलटणीतून सुट्टीवर येताना आणला होता. आईने तिन्हींच्या टराटरा चिंध्या केल्या आणि उलथन्याच्या दांड्याने एकेक चिंधी नळीच्या भोकातून आत ठासली. बकरं छान गुबगुबीत झालं. आबांनी ते काखेत घेऊन पाहिलं, कोपराने दाबून पाहिलं, म्हणाले, "बेस." माझं निम्मं लहानपण त्यांच्या काखेत होतं आणि ते म्हणाले, बेस.

दहा दिवस सराव. ते आरशासमोर मुका पाइप घेऊन, मी दाराच्या पडद्यामागे घरातला दुसरा, धाकटा पाइप घेऊन. बोटाला बोट जुळलं पाहिजे. संथ चालीला मी कुठे श्वास घेते, जलद चालीला कुठला खटका कसा टाकते, सगळं त्यांच्या बोटांना कळायला हवं होतं. म्हणजे खरं तर त्यांनी माझ्यामागे चालायचं होतं. पण आबा कुणाच्या मागे चालणारे नव्हते. खटका मी वेळेवर मारायचे, त्यांचं बोट मागे पडायचं, आणि शिवी मला. बोटं सुजली त्यांची, सांधे धरले होते, ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त शिवी कळली.

आदल्या शुक्रवारी नेहमीचा वर्ग. त्या दिवशी मी एकही चूक केली नाही. हवं तर इरफानला विचारा, तो आता दुबईतल्या डीआयपीत स्वतःचं वर्कशॉप चालवतो, बोटांना ग्रीस असतं पण खोटं बोलत नाही. आबा उठले आणि म्हणाले, "कुंदे, एसीकडं."

"का?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"का म्हंजे?"

"चुकले कुठे?"

आबांनी मुलांकडे पाहिलं. आतल्या ओठांनी हसले. "चुकायला आधी वाजवावं लागतं. तू वाजवत न्हाईस. तू भाता हायेस. लोहाराचा भाता. फुंकायचं तेवढं तुझं, वाजवतोय मी."

मुलांना काही कळलं नाही, मुलं नुसती हसली. इरफानला कळलं. त्याने माझ्या सुजलेल्या ओठांकडे पाहिलं, आबांच्या मुक्या पाइपकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. मी एसीजवळ जाऊन उभी राहिले आणि 'ऊं' धरला. त्या दिवशी एकदाही सूर तुटला नाही.

ही गोष्ट मी आजवर शंभर लग्नांत सांगितली आहे. लग्नात सांगते तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने पडदा उडतो, चीफ गेस्टच्या डोक्यावर पडतो, आणि त्याच्या बायकोच्या मांडीवरची बिर्याणी सांडते. लोक टाळ्या देतात. पडदा उडाला नव्हता. पडदा जाड हिरवा मखमलीचा होता, त्याला वारा काय हलवणार. आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारचे चार. हॉल गच्च. मी पडद्यामागे, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून, फटीतून आबांची पाठ आणि अर्धा गाल दिसेल अशी. आबा पूर्ण गणवेशात, छातीवर बिल्ले, डोक्यावर तुरा. एवढे देखणे ते मला आधी कधी दिसले नव्हते. त्यांनी टाच आपटली, तो इशारा. मी पिशवी दाबली. संथ चाल. अशी वाजवली, अशी वाजवली, की शारजाच्या खाडीतलं धाऊ गलबत थांबलं असेल. आबांची बोटं माझ्याबरोबर, पाय माझ्याबरोबर, जणू आम्हा दोघांना मिळून एकच धड. चाल संपली, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या रांगेत मॅनेजर पाहुण्यांकडे झुकून मोठ्याने म्हणाले, "उस्ताद आदमी है. आदमी नहीं, पूरा बँड है."

आबांनी मान किंचित झुकवली. शाबासकी घेतली. माझी शाबासकी, जन्मातली पहिली, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत घेतली आणि बिल्ल्यांशेजारी लावली.

टाच वाजली. जलद चाल. दोन आवर्तनं मी नीट वाजवली. तिसऱ्याला मी सगळी बोटं खाली ठेवली. सगळी भोकं बंद. चाल गेली, राहिला एक सूर. ऊंऽऽ.

आबांची बोटं नाचत होती. खटके टाकत होती, उड्या मारत होती, उजवा हात, डावा हात, सगळं कसब, आणि हॉलमध्ये एकच सूर, गाढवासारखा सरळ. पहिल्या रांगेतलं एक पोरगं आधी हसलं. मग रांग हसली. मग ते हसू मागे मागे जात गेलं, भिंतीला लागून परत आलं. आबांनी बोटं थांबवली. मी थांबले नाही. मी भाता होते ना? भात्याने फुंकायचं असतं. दुसरा श्वास घेतला, तिसरा घेतला, सूर तुटू दिला नाही. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये जाताना मला दिसला, आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते. मला फार बरं वाटलं.

आबा वळले. कवायतीच्या पावलाने, एक-दोन, एक-दोन, पडद्यापर्यंत आले आणि हाताने पडदा बाजूला केला. सगळ्या हॉलला मी दिसले, पंजाबी ड्रेस, ओठ फुगलेले, काखेत धाकटा पाइप. आबांनी फुंकनळी तोंडातून काढली होती. बिनदातांच्या तोंडाने, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कुंदे, सूर उतरलाय तुझा."

आणि मी, काय सांगू, कोपर दाबून सूर वर घेतला.

पाहुण्यांना वाटलं, हा विनोदी कार्यक्रम आहे. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मॅनेजर टाळ्या वाजवत नव्हते.

घरी आल्यावर आई खाली बसली, क्रोशाच्या सुईने बकऱ्याच्या पोटातून एकेक चिंधी ओढून काढली, पिवळी, ठिपक्यांची, लाल. सगळ्यांना एका दोऱ्याने आवळून पोतेरं केलं आणि माझ्यासमोर टाकलं. "फरशी पूस," म्हणाली. मी पुसली. आबा एसीजवळ पाठ करून बसले होते, त्यांच्या भोवतीने पुसली.

चार दिवसांनी मॅनेजरने बोलावलं, आबांना आणि मला. त्यांनी सगळं एका दमात संपवलं. "आप स्टोअर में बैठिए, युनिफॉर्म और पॉलिश देखिए, व्हिसा चालू रहेगा. क्लास बच्ची लेगी. खलास." आबा म्हणाले, "येस सर," आणि सलाम ठोकला. आईला सांगितलं तर तिने विचारलं, "व्हिसा ऱ्हायला न्हवं?" ऱ्हायला म्हटल्यावर तिने भाकरी थापायला घेतली.

पहिला वर्ग शाळेच्या बँडच्या खोलीत. तिथेही खिडकीत तसलाच एसी. मी आबांच्या खुर्चीत, सात मुलं आणि इरफान समोर, आणि आबा कोपऱ्यात स्टुलावर, पितळेच्या बटणांना पॉलिश करत. एक मुलगा धडधडीत चुकला, मुद्दाम. मी म्हटलं, "एसीकडे." तो जागचा हलला नाही. शेजारच्याला कोपर मारून हसला. "यू गो," मलाच म्हणाला. सगळे हसले. माझे कान तापले. मी पुन्हा म्हटलं, तरी कुणी हललं नाही.

कोपऱ्यात फडकं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, एसीजवळ गेले, हात मागे बांधले, टाच जुळवली. मुलांकडे एकदा पाहिलं, म्हणजे हसणं थांबलं. मग माझ्याकडे पाहिलं, शिपाई मेजरकडे पाहतो तसं, आणि त्यांनी 'ऊं' धरला.

तोंडाने सूर धरायला दात लागत नाहीत. मला आज वाटतं, ते मला उभं करत होते. मास्तरीणबाईने सांगितलं की उठायचं, हे मुलांना दाखवत होते, त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं. आज वाटतं. त्या दिवशी मला तो फक्त एसीजवळचा आबा दिसला. मी मुलांना म्हटलं, "वाजवा." वाजवलं. चाल संपली, सूर तुटला नव्हता. आबांनी श्वास घेतला, थांबायला तोंड मिटणार, तेवढ्यात मी म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून."

लोकांना सांगायचं असतं तर मी सतरा वेळा म्हणाले असते. पाच वेळा. तिसऱ्या वेळेला त्यांचे ओठ निळे पडले. चौथ्याला भिंतीला हात लावला. मुलं आता मुद्दाम भराभर वाजवत होती, लवकर संपावं म्हणून, एरवी त्यांनी कधीच कुणासाठी हे केलं नव्हतं. पाचव्या वेळेला इरफानने चँटर तोंडातून काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "कुंदा, बस कर." मी म्हटलं, "इरफानमियाँ, वाजवा."

माझ्या वर्गात आता कुणाला ड्रोन करत नाहीत. मुलांना एकच सूर धरायला सांगितला तर म्हणतात, "मिस, दॅट्स नॉट अ ट्यून." खोलीत नवा एसी आहे, आवाजच नाही त्याला, मुलं कुठून सूर धरणार देव जाणे. आबा त्या स्टुलावर अजून नऊ वर्षं बसले, बटणं पॉलिश केली, आणि मरेपर्यंत मला 'ए' म्हटलं.

पण पाचव्या वेळेला मी डोळे मिटून ऐकत होते, ते खरं सांगून टाकते. चाल ऐकत नव्हते. त्यांचा सूर उतरायची वाट बघत होते, एकदाच, केसभर, म्हणजे मला म्हणता आलं असतं, आबा, सूर उतरलाय तुमचा. तो उतरला नाही.